हापूसचा ‘हापू’ आणि पट्टीतलं शून्य: रेल्सच्या जनरेटरवर काढलेला एक आंबा हंगाम

२०२४च्या नोव्हेंबरात, मोहोराची वाट बघायचे दिवस होते तेव्हा, मी रेल्सची, म्हणजे रुबी भाषेत वेबवरची अ‍ॅप्स बनवायच्या टूलची, आठवी आवृत्ती लॅपटॉपवर टाकली. ती त्याच महिन्यात आली होती. आता श्रावण संपत आलाय. मधल्या नऊ महिन्यांत आंब्याचा एक अख्खा हंगाम या टूलवर काढला, म्हणून सविस्तर लिहितोय. मी पुण्यात काही वर्षं जावास्क्रिप्टवर काम केलं आणि आता देवगड तालुक्यात घरी असतो. रुबीशी ओळख जेमतेम होती.

गरज साधी होती. घरच्या कलमांबरोबर काका आणखी दोन बागा खंडाने घेतात, आणि आजूबाजूच्या बागायतदारांचा मालही आमच्याच गाडीतून वाशीला जातो. पेटी भरताना वहीत नोंद होते: कुणाची, किती डझनी, कुठल्या दलालाकडे. काही दिवसांनी दलालाची पट्टी येते. तिच्यात दर लागलेला असतो, भाडं आणि हमाली वजा केलेली असते. कोणती पेटी कोणत्या पट्टीत आली हे जुळवता जुळवता मे महिना निघून जातो, आणि पाऊस तोंडावर असताना कुणाचा तरी हिशोब राहतोच. ही वही मला फोनवर आणायची होती, आणि ती मोहोर ते काढणी एवढ्याच वेळात.

म्हणून जनरेटर, म्हणजे नेहमीचा कोड स्वतः लिहून देणारी रेल्सची सोय. ज्यांनी वापरला नसेल त्यांच्यासाठी: टर्मिनलमध्ये ‘रेल्स न्यू’ आणि पुढे अ‍ॅपचं नाव लिहिलं की सगळं फोल्डर उभं राहतं. मग ‘रेल्स जनरेट स्कॅफोल्ड’, पुढे मॉडेलचं (ज्या गोष्टीची नोंद ठेवायची तिचं) नाव, पुढे रकाने आणि त्यांचे प्रकार. जात स्ट्रिंग (मजकूर), डझन इंटिजर (पूर्णांक), दर डेसिमल (दशांश), तारीख डेट. एंटर दाबलं की ‘क्रिएट, क्रिएट’ अशा ओळी सरसर खाली येतात, आणि मायग्रेशन (डेटाबेसात टेबल बनवणारी फाइल), मॉडेल, कंट्रोलर (कुठलं पान कधी दाखवायचं ते बघणारा कोड), यादी, फॉर्म, रूट्स (पानांचे पत्ते), टेस्ट असं सगळं जागच्या जागी पडलेलं असतं. मायग्रेशन चालवलं की नवीन नोंद, दुरुस्ती, यादी, काढून टाकणं हे सगळं ब्राउझरमध्ये चालू. घर बांधताना भिंतीला परांची लावतात ना, स्कॅफोल्ड शब्दाचा मूळ अर्थ तोच. पहिल्या संध्याकाळी अर्ध्या तासात पेटीची नोंद होणारं पान तयार झालं तेव्हा मला खरोखर आनंद झाला. हेच हाताने लिहायचं तर दोन दिवस गेले असते.

पण त्याच संध्याकाळी पहिली अडचणही आली, आणि मराठी नावं वापरणाऱ्या बऱ्याच जणांना ती येणार, म्हणून जरा थांबून सांगतो.

कॅनिंगला जाणारा माल किलोवर मोजतात आणि पेटीचा हापूस डझनावर, म्हणून मी सुरुवातीला दोन वेगळी मॉडेल्स करायचं ठरवलं. त्यातल्या एकाचं नाव रोमन लिपीत ‘हापूस’. कमांड दिली आणि सूचना आली की हे नाव अनेकवचनी दिसतंय, त्याचं एकवचन ‘हापू’ धरतो. आणि खरंच मॉडेलची फाइल ‘हापू’ नावाने तयार झाली. रेल्समध्ये मॉडेलचं नाव एकवचनी आणि टेबलाचं अनेकवचनी असतं, आणि हे रूपांतर इंग्रजी व्याकरणाच्या नियमांनी होतं. शेवटी एस दिसला की तो अनेकवचनाचा समजून काढून टाकायचा, असा नियम आहे. बागायतदाराच्या पत्त्यासाठी ‘पत्ता’ नावाचं मॉडेल केलं तर त्याचं ‘पत्तुम’ झालं, कारण डेटा या शब्दाचं एकवचन डेटम, आणि शेवटी ‘टीए’ असलेला प्रत्येक शब्द त्याच साच्यातून जातो. खाता, रस्ता, वाटा यांचंही हेच होणार.

उपाय आहे. कॉन्फिग फोल्डरमधल्या इनिशियलायझर्समध्ये इन्फ्लेक्शन्स नावाची फाइल असते. तिच्यात तो शब्द ‘अनकाउंटेबल’ (ज्याचं अनेकवचन होत नाही असा) म्हणून लिहिला की रेल्स त्याला हात लावत नाही. एक मात्र लक्षात ठेवा: अशा शब्दाच्या यादीच्या पानाच्या रूटला शेवटी ‘इंडेक्स’ चिकटतं, कारण एकवचन आणि अनेकवचन सारखंच असल्यावर दोन रूट्सची नावं वेगळी ठेवायला दुसरा मार्ग नसतो. मला हे कळायला एक रात्र लागली.

आणि क्रम महत्त्वाचा. ‘हापू’च्या फाइली काढायच्या असतील तर ‘रेल्स डिस्ट्रॉय स्कॅफोल्ड’ आधी चालवा, इन्फ्लेक्शनचा नियम नंतर लिहा. आधी नियम लिहिलात तर डिस्ट्रॉय ‘हापूस’ नावाच्या फाइली शोधत बसतं आणि ‘हापू’वाल्या तशाच राहतात. त्याच्याही आधी मायग्रेशन मागे घ्या, नाहीतर मायग्रेशनची फाइल जाते आणि टेबल डेटाबेसमध्ये पडून राहतं. डिस्ट्रॉय तुम्ही हाताने बदललेली फाइलही न विचारता उडवतं. त्यामुळे प्रत्येक जनरेटरच्या आधी गिटमध्ये कमिट (कोडची तेव्हाची प्रत जपून ठेवणं), ही सवय मी तेव्हापासून मोडलेली नाही. कमांडपुढे ‘प्रिटेंड’ लावलं तर काहीही न लिहिता फक्त काय काय होईल याची यादी दिसते. नाव बरोबर बसतंय का हे त्यात लगेच कळतं. शेवटी मी ‘हापूस’ मॉडेल काढूनच टाकलं आणि ‘पेटी’ ठेवलं, जात हा तिच्यातला एक रकाना. कामाच्या दृष्टीने तेच बरोबर होतं.

फेब्रुवारीत पहिल्या पेट्या भरायला लागल्यावर फोन काकांच्या हातात दिला. दोनच मिनिटांत त्यांनी विचारलं, “ह्यो सतरा कोण रे?” बागायतदाराच्या रकान्यात नावाऐवजी १७ दिसत होतं. मी पेटीला बागायतदार ‘रेफरन्सेस’ म्हणून जोडला होता. त्याने डेटाबेसमधलं नातं, इंडेक्स आणि मॉडेलमधलं ‘बिलाँग्ज टू’ व्यवस्थित होतं, पण फॉर्ममध्ये मात्र क्रमांक टाइप करायची नुसती चौकट येते आणि यादीतही क्रमांकच दिसतो. “माका नाव व्हया, आकडो नको,” काका म्हणाले, आणि ते बरोबरच होतं. नावांची निवडयादी हाताने घालावी लागली. उलट बाजूचं नातं, म्हणजे एका बागायतदाराच्या अनेक पेट्या, तेही जनरेटर लिहीत नाही.

पण मनाला खरा लागला तो एप्रिलचा प्रकार.

काढणी ऐन भरात होती. गडी झेला घेऊन झाडावर, खाली शेडमध्ये पेंढा पसरलेला, प्रतवारी चाललेली. पट्ट्या रात्री यायच्या आणि माझी चुलतबहीण फोनवरून दर भरायची. आठवड्याने एका बागायतदाराचा हिशोब काढला तर बावीस पेट्यांची रक्कम शून्य. डझन बरोबर, तारीख बरोबर, दलाल बरोबर, दर शून्य. तिने दर नीट भरले होते, पट्टी शेजारी ठेवून. तिच्या फोनला मराठी कीबोर्ड आहे. तिने ‘२८००’ लिहिलं होतं, आपल्या आकड्यांत.

घडलं ते असं. इंटिजर रकान्याला स्कॅफोल्ड नंबरची चौकट देतं, त्यामुळे डझन भरताना फोन आकड्यांचा पॅड उघडतो. डेसिमल रकान्याला मात्र साधी मजकुराची चौकट मिळते. तिथे मराठी आकडे लिहिता येतात, आणि रुबी देवनागरी आकड्यांना आकडे मानत नाही. ‘२८००’चं अंकात रूपांतर केलं की रुबी निमूटपणे शून्य देते, चूक दाखवत नाही. पायथन ही दुसरी भाषा हेच बरोबर वाचते, हे मला नंतर कळलं. स्कॅफोल्ड कुठलीही तपासणी लिहीत नसल्यामुळे ते शून्य सरळ डेटाबेसमध्ये गेलं. मॉडेलमध्ये दर अंकच असला पाहिजे एवढी एक ओळ असती तरी फॉर्म तिथेच अडला असता, कारण ती तपासणी मूळ टाइप केलेला मजकूर बघते.

त्या बागायतदाराला मी घरी जाऊन हिशोब परत दिला. माणूस काही बोलला नाही, पण वर्षभराची कमाई ज्या कागदावर येते त्यावर शून्य दिसणं काय असतं हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. चूक तपासणी न लिहिणाऱ्याची होती, म्हणजे माझी.

दुरुस्ती छोटी आहे. दराचा सेटर (भरलेली किंमत आत घेणारा कोड) मॉडेलमध्ये स्वतः लिहायचा आणि त्यात रुबीच्या ‘टीआर’ने देवनागरी शून्य ते नऊ हे इंग्रजी शून्य ते नऊमध्ये बदलून घ्यायचे. रेल्स ७.१ पासून ‘नॉर्मलाइझेस’ नावाची सोय आहे. मी आधी तीच वापरून पाहिली. ती इथे उपयोगी नाही, कारण ती प्रकार बदलून झाल्यावर लागू होते, आणि तोवर शून्य झालेलं असतं. मराठीत अ‍ॅप करणाऱ्याने प्रत्येक रकमेच्या रकान्याला हे आधी करावं, मग पुढचं.

मे महिन्यात आणखी एक नोंद गेली. नोंदीच्या पानावरचं काढून टाकायचं बटण दाबल्यावर ‘नक्की का?’ असं काहीही विचारत नाही. चिकाचे हात, छोटा पडदा, अंगठा लागला आणि पेटी गेली. वहीत होती म्हणून सापडली. वही मी बंद केली नव्हती आणि पुढच्या हंगामातही करणार नाही.

या सगळ्याला धरून मी टूल सोडलं का? नाही. कारण जनरेटर कुठल्या साच्यातून फाइली काढतो ते साचे बदलता येतात, आणि ही गोष्ट मला या टूलमधली सगळ्यात मोलाची वाटते. अ‍ॅपच्या ‘लिब’ फोल्डरमध्ये ‘टेम्प्लेट्स’, त्यात ‘ईआरबी’, त्यात ‘स्कॅफोल्ड’ असं फोल्डर करून रेल्सच्या मूळ फाइलींची नक्कल तिथे ठेवली की पुढचा प्रत्येक स्कॅफोल्ड तुमच्या नकलेतून निघतो. मी जूनमध्ये, पहिल्या पावसाच्या चार दिवसांत, बसून हे केलं. जोडलेल्या मॉडेलला क्रमांकाच्या चौकटीऐवजी नावांची यादी, काढून टाकण्यापूर्वी मराठीत प्रश्न, बटणांवर ‘जतन करा’ आणि ‘मागे’. चौकटींची लेबलं तर साच्यात लिहावीच लागत नाहीत. लोकेल्स या भाषांतरांच्या फोल्डरमधल्या मराठी फाइलीत मॉडेलचे रकाने एकदा लिहिले की फॉर्म ती तिथून उचलतो. चुकांचे संदेश आणि महिन्यांची नावंही तिथेच लागतात, त्याला एक दुपार काढा.

लॉगिनबद्दल थोडक्यात. आठव्या आवृत्तीत त्याचा वेगळा जनरेटर आला. लॉगिन, सेशन, पासवर्ड बदलणं हे सगळं तो करतो आणि बाकीची पानं आपोआप बंद होतात. नवीन खातं उघडायचं पान तो देत नाही. आम्हाला ते नकोच होतं. चार खाती मी कन्सोलमधून, म्हणजे कमांड लिहून, केली.

नेट आणि लाईट हा आमच्या बाजूचा मोठा प्रश्न, त्याबाबतीत मी समाधानी आहे. सातव्या आवृत्तीपासून रेल्सला साध्या अ‍ॅपसाठी नोड (जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) लागत नाही, म्हणजे त्या भल्यामोठ्या मॉड्यूल्सच्या फोल्डरची वाट बघत बसायला लागत नाही. रुबीची जेम्स (तयार कोडची पाकिटं) मी तालुक्याच्या गावी नेट चांगलं असताना उतरवली आणि ‘बंडल कॅश’ने अ‍ॅपच्याच फोल्डरमध्ये ठेवली. त्यानंतर जुलैत दोन दिवस टॉवर बंद होता तेव्हाही जनरेटर चालला. डेटाबेस एसक्यूलाइटची एकच फाइल आहे. रोज रात्री अ‍ॅप बंद करून ती पेनड्राइव्हवर जाते. ‘रेल्स न्यू’ सोबत डॉकर, कमाल (Kamal) आणि सीआय या, सर्व्हरवर चढवायच्या आणि आपोआप टेस्ट चालवायच्या साधनांच्या फाइलीही येतात. शेडमधल्या एका जुन्या पीसीवर चालणाऱ्या अ‍ॅपला त्यांचा उपयोग नाही, सुरुवातीलाच ‘स्किप’ लावून टाळा.

इतरही दोन टूल्स या काळात हाताळली. पायथनमधल्या जँगोचं ‘स्टार्टप्रोजेक्ट’ मोजक्याच फाइली देतं. त्याचं अ‍ॅडमिन मात्र फाइल न बनवताच नोंदीची पानं दाखवतं, आणि जोडलेल्या नोंदीसाठी पहिल्यापासून निवडयादी देतं. एकट्याने वापरायचं असेल तर मी तेच सुचवीन. वीट (Vite) या टूलने रिअ‍ॅक्टचा सांगाडा क्षणात उभा राहतो, पण तो फक्त समोरची बाजू देतो, डेटाबेस वगैरे सगळं तुमच्यावर. जुन्या शिकवणीत अजून ‘क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅप’ सापडतं. ते फेब्रुवारी २०२५ मध्ये अधिकृतपणे मागे घेतलंय, नवीन कामाला वापरू नका.

आता तारकर्लीच्या मावशीच्या होमस्टेसाठी खोल्यांची नोंदवही करतोय. पर्यटक दिवाळीत यायला लागतील, त्याआधी हवी. काल रात्री ‘खोली’ आणि ‘पाहुणा’ दोन्ही प्रिटेंड लावून बघितले, नावं बरोबर बसली. साचे माझेच, त्यामुळे निवडयादी आणि मराठी बटणं आयती येतील. भाड्याच्या सेटरमध्ये आकडे बदलायची ओळ कमांड देण्याआधीच लिहून ठेवली आहे. मायग्रेशन अजून चालवलं नाही. भाडं रात्रीवर धरायचं की माणशी, हे मावशीला आज संध्याकाळी विचारायचंय.