हँडहेल्ड जीपीएस घेऊन पुण्यात डबे शोधताना : पावसाळ्यासकटचा अनुभव (आणि ते रबर)

रबर सुटलं. बॅटरी, स्क्रीन, अचूकपणा सगळं येईल पुढे, पण वीस हजारांच्या आसपास पैसे मोजलेल्या मशीनच्या कडेचं रबर पहिल्याच पावसाळ्यात सुटतं म्हणजे काय? कंपनीचं आणि मॉडेलचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार अजून चालू आहे. ज्यांच्याकडे आहे त्यांना आपोआप कळेल : दोन पेन्सिल सेल, वर बारकी जॉयस्टिक, बाजूला बटणं, आणि सगळ्या कडेने फिरवलेली ती रबराची पट्टी.

ग्रुपवर सगळे म्हणाले रबरच आहे ना, जाऊ दे, दिसण्यापुरतं असतं. अहो नाहीये दिसण्यापुरतं! बाजूची सगळी बटणं त्या रबरातच घडवलेली आहेत. पट्टी दोन मिलिमीटर जरी सरकली तरी बाहेरचं बटण आणि आतलं टोक यांची चुकामूक होते, मग झूम दाबलं तर काहीच होत नाही आणि बॅक दाबताना शेजारचं काहीतरी दाबलं जातं. शेवटी पट्टी बाजूला करून आतली टोकं नखाने दाबायची. पावसात, सिंहगडाच्या आतकरवाडीच्या वाटेवर, चिखलाच्या हाताने. करून बघा.

असो. हा खेळ माहीत असलेल्यांनाच हे वाचायचंय असं धरते, तरी दोन ओळी. आम्ही चौघं कॉलेजपासूनचे, केतकी, मंद्या, अभ्या आणि मी, रविवारी सकाळी भेटून नुसतं मिसळ खायचं कमी व्हावं म्हणून जिओकॅशिंग, म्हणजे कुणीतरी लपवलेले डबे जीपीएसने शोधायचा खेळ, सुरू केलं. परदेशातल्या मोठ्या शहरांच्या मानाने आपल्याकडे नोंदवलेले डबे कमीच, जवळपासची यादी पटकन संपली, म्हणून मग आपसातच डबे लपवायला लागलो, एकाने लपवायचा, कोऑर्डिनेट्स (जागेचे अक्षांश-रेखांश) व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचे, बाकीच्यांनी शोधायचा. नियम मात्र मूळ खेळाचेच, दोन डब्यांमधे निदान १६१ मीटर, जमिनीत पुरायचं नाही, आणि आत खायचं काही ठेवायचं नाही. हा शेवटचा नियम केतकीला मान्य नव्हता. ती म्हणे २००० साली मे महिन्यात अमेरिकेत ओरेगनमधे ज्या माणसाने पहिली बादली लपवली त्याने त्यात बीन्सचा डबा ठेवला होता, मग माझ्या चिक्कीने काय घोडं मारलंय. पाषाणच्या बाजूला ठेवलेला तिचा डबा उघडला तर चिक्कीचा कागद जागेवर, चिक्की नाही, आणि लॉगबुकच्या, म्हणजे शोधणाऱ्यांनी सह्या करायच्या वहीच्या, पानापानावर काळ्या मुंग्या. त्यानंतर वाद संपला.

आता मशीन. पहिले दोन-तीन महिने माझं स्पष्ट मत होतं की पैसे पाण्यात गेले. फोनमधे जीपीएस आहे, नकाशा आहे, हे वेगळं खोकं कशाला? शहरात तर हे फोनपेक्षा वाईटच वाटलं. कसबा, शनिवार, सदाशिव, कुठल्याही पेठेत गल्लीत शिरलं की दोन्हीकडच्या इमारतींवर आपटून येणारे सिग्नल आणि स्क्रीनवरचा दिशेचा बाण नुसता नाचतो, आत्ता वीस मीटर उजवीकडे, आत्ता तीस मीटर मागे, म्हणजे कुणाच्या तरी स्वयंपाकघरात. फोन निदान वायफाय आणि टॉवर बघून काहीतरी अंदाज मारतो, हे बिचारं फक्त आकाशाकडे बघतं आणि पेठेत आकाश असतं किती? त्यात आमच्या मॉडेलला इलेक्ट्रॉनिक कंपास नाही, म्हणजे चालत असाल तोवरच दिशा बरोबर, थांबलात की बाणाला काही कळत नाही. त्यामुळे डब्याजवळ पोचल्यावर, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हा, दहा पावलं पुढे दहा पावलं मागे अशा येरझाऱ्या घालायच्या. पाताळेश्वरच्या लेण्यात आम्ही डबा वगैरे काही ठेवला नव्हता, फक्त एक टप्पा होता, गोल नंदीमंडपाचे खांब मोजायचे आणि तो आकडा पुढच्या कोऑर्डिनेट्समधे घालायचा. तिथे माझ्या येरझाऱ्या बघून वॉचमनने दोनदा विचारलं, मॅडम कुणाची वाट बघताय का.

याच काळात कोऑर्डिनेट्सचाही एक घोळ झाला. या खेळात आकडे अंश आणि दशांश मिनिटांत देतात, म्हणजे १८ अंश ३१.४०० मिनिटं, ७३ अंश ५१.२०० मिनिटं अशा पद्धतीने, आणि शेवटचा एक आकडा चुकला तर उत्तर-दक्षिण दोनेक मीटरचाच फरक पडतो. पण मंद्याने तेच फोनच्या नकाशात १८.३१४ आणि ७३.५१२ असं टाकलं आणि शहराच्या मध्यातला डबा थेट तोरणा आणि रायगडाच्या मधल्या डोंगरात. चाळीस-एक किलोमीटर! आणि हा पठ्ठ्या गाडी काढून निघालासुद्धा होता, खडकवासल्याच्या पुढे गेल्यावर याने फोन केला की जरा लांब ठेवलाय का गं तू. मशीनमधे फॉरमॅट एकदा सेट केला की हा घोळ होत नाही, एवढं मात्र तेव्हाही मान्य होतं.

मत बदललं ते वेताळ टेकडीवर. झाडं असली तरी वर आकाश मोकळं, आणि तिथे हे मशीन तीन-चार मीटरवर आणून सोडतं, प्रत्येक वेळी. एक सेटिंग मात्र करा, मॅन्युअलमधे धड लिहिलेलं नाही. सॅटेलाइटच्या मेनूमधे वास / एग्नॉस असा पर्याय बंद असतो, तो चालू करायचा. नावं अमेरिकेच्या आणि युरोपच्या यंत्रणांची असली तरी आपल्याकडे त्यातून गगनचे सिग्नल येतात, इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाने विमानांसाठी केलेली, जीपीएसचा अचूकपणा वाढवणारी यंत्रणा. माझ्या स्क्रीनवर ४० आणि ४१ नंबरच्या पट्ट्या उभ्या राहिल्या की समजायचं गगन सापडलं. बॅटरी जराशी जास्त खाते, खाऊ दे. आणि डबा लपवताना वेपॉइंट अ‍ॅव्हरेजिंग वापरा, म्हणजे एकाच जागेची बरीच मापं घेऊन मशीन सरासरी काढतं, दोन-तीन मिनिटं मशीन तिथेच ठेवून द्यायचं, शक्य असलं तर वेगळ्या दिवशी परत. नाहीतर लपवणाऱ्याची चूक आणि शोधणाऱ्याची चूक मिळून भलतंच झुडूप उपसत बसाल.

तरी शेवटचे तीन मीटर तुमचेच असतात हं. एकदा एआरएआयच्या (ती गाड्यांच्या चाचण्या करणारी संस्था) बाजूने टेकडीवर गेलो, बाण म्हणतोय इथेच, आम्ही ग्लिरिसिडियाच्या झाडांखाली दगड उलथेपालथे करतोय, एवढ्यात रोज फिरायला येणारे एक आजोबा थांबले. "काय हरवलंय?" म्हटलं काही नाही, असंच. "असंच कोण दगड उचलतं?" मग सांगावं लागलं. त्यांनी मशीन हातात घेतलं, उलटंसुलटं करून बघितलं, परत दिलं आणि म्हणाले, "याला काय विचारता, मला विचारा, मी चाळीस वर्षं येतोय." पाच मिनिटांत त्यांचा अख्खा ग्रुप जमला, एक काकू कंबरेला ओढणी बांधून खाली वाकून बघायला लागल्या, दोघांचा वाद लागला की गेल्या आठवड्यात इथे हा दगड नव्हताच. डबा सापडला तो आजोबांनी ज्या दगडावर पाय ठेवून बूट बांधला त्याच्याच खाली. काखेत कळसा! आता ते दर रविवारी विचारतात, नवीन काही ठेवलंय का, आणि केतकीने त्यांना अंश-मिनिटं शिकवली आहेत.

डब्यांबद्दल पण सांगते. चांगला घट्ट झाकणाचा डबा टेकडीवर ठेवला तर तो चार दिवसांत कुणाच्या तरी घरी लोणच्याला लागतो, यात कुणाचा दोष नाही, चांगला डबा असा टाकून देतं का कोणी. त्यामुळे आम्ही प्रीफॉर्मवर आलो, म्हणजे फुगवून बाटली करायच्या आधीचं ते जाड नळकांडं, अभ्याच्या ओळखीतून भोसरीहून मिळतात, किंमत जवळजवळ नाहीच, झाकण घट्ट, पाणी अजिबात जात नाही. आत कागदाची गुंडाळी आणि सह्या पेन्सिलने, पेनची शाई पावसात फुटते. आणि पारदर्शकच वापरा, वर मराठीत चिठ्ठी असू दे, "हा खेळाचा डबा आहे, आत फक्त कागद आहे." स्टेशन, कॅन्टोन्मेंट, एनडीएची हद्द, देवळं, गर्दीचे चौक इथे काहीही लपवायचं नाही. बेवारस वस्तूंना हात लावू नका हे दिवसातून पन्नास वेळा ऐकणाऱ्या शहरात आपण बेवारस वस्तू ठेवतोय, हे डोक्यात असू द्या.

तर पावसाळा. जुलैत सिंहगडावर फोनवाल्या तिघांची जी दैना झाली त्यावर मी अजून खूश आहे. धुकं, आडवा पाऊस, ओल्या बोटाने टचस्क्रीन ऐकत नाही, थेंब पडून आपोआप भलतीच अ‍ॅप्स उघडतायत, मंद्याचा फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि पिशवीला आतून वाफ. माझं मशीन गळ्यात, उघडं, बटणं दाबली की चालतंय. सेल संपले तर खाली टपरीवर मिळतात, चार्जरची भानगड नाही. फक्त रिचार्जेबल सेल टाकले तर सेटिंगमधे बॅटरीचा प्रकार बदला, नाहीतर अर्धी बॅटरी असताना संपली म्हणून ओरडतं. कल्याण दरवाजापलीकडचा डबा मी एकटीने काढला, बाकीचे तोवर पिठलं-भाकरी मागवून बसले होते. त्या दिवशी कुणी विचारलं असतं तर मी पाचपैकी पाच दिले असते.

आणि खाली उतरताना हाताला काहीतरी लोंबतंय म्हणून बघितलं तर रबर.

सर्व्हिस सेंटरची गोष्ट थोडक्यात, कारण आठवलं की बीपी वाढतं. बिल आहे, वॉरंटी आहे, तरी उत्तर : "हे कॉस्मेटिक डॅमेज, वॉरंटीत बसत नाही." म्हटलं बटणं कॉस्मेटिक आहेत का? तर बटणं आत नीट चालतायत मॅडम, आम्ही दाबून बघितली. कशाने दाबली, तर पेनच्या टोकाने! मग रबर वेगळं विकत द्या म्हटलं, मी लावते. सुटं मिळत नाही, पूर्ण युनिट बदलावं लागेल, आणि त्याचे जे पैसे सांगितले ते नव्या मशीनच्या निम्म्याहून जास्त. चार आण्याची कोंबडी बारा आण्याचा मसाला. वर कुरियरचा जाण्यायेण्याचा खर्च माझाच. पाण्यात चालणारं मशीन म्हणून जाहिरात करायची आणि पाण्याने सुटणाऱ्या गोंदाने रबर चिकटवायचं, याला काय म्हणावं.

शेवटी मंडईजवळ चप्पल शिवणाऱ्या काकांकडे नेलं. त्यांनी पट्टी पूर्ण काढली, आतला जुना चिकट थर रॉकेलच्या फडक्याने आणि नखाने खरवडला, दोन्हीकडे सोल चिकटवायचं सोल्यूशन अगदी पातळ लावलं, लगेच चिकटवलं नाही, दहा मिनिटं वाळू दिलं, आणि मग बटणाचं प्रत्येक टोक जागेवर बसतंय की नाही ते अंगठ्याने चाचपत चाचपत पट्टी फिरवली. वरून सायकलच्या ट्यूबचा तुकडा ताणून बांधला आणि म्हणाले उद्यापर्यंत सोडायचं नाही. चाळीस रुपये. गणपती, नवरात्र, परतीचा पाऊस सगळं झालं, पट्टी हललेली नाही.

अपडेट : वरचं लिहून ठेवलं होतं, मधे ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करून तक्रार टाकली. सहज म्हणून केली होती, पण तक्रार नंबर मिळाला आणि त्यानंतर कंपनीकडून स्वतःहून मेल आला की "सद्भावना म्हणून" रबर बदलून देऊ, युनिट पाठवा. आता गंमत अशी की मला पाठवायचंच नाहीये, कारण ते परत त्यांचाच गोंद लावणार. काकांचं काम काढून कंपनीचं काम करून घ्यायचं म्हणजे पुढच्या जुलैत परत तेच. मी उलटा मेल केलाय की नुसती पट्टी पाठवा, चिकटवायची सोय माझ्याकडे आहे. बघू काय म्हणतात.

घ्यायचं का? नुसतं शहरात, बागांमधून, पेठांमधून खेळणार असाल तर नका घेऊ, फोन पुरतो, उरलेल्या पैशात चौघांच्या वर्षभराच्या मिसळी होतील. टेकड्या, किल्ले आणि पावसाळा करणार असाल तर घ्या, पण सेकंडहँड बघा, आणि घेताना स्क्रीन वगैरे नंतर, आधी कडेने अंगठा फिरवून रबर बघा. कंपास असलेलं मिळालं तर थोडे जास्त द्या, येरझाऱ्या वाचतील. मशीनला पाचपैकी साडेतीन, सर्व्हिसला अर्धा, तोही मेल आला म्हणून. आणि हो, याला अजूनही ती जुनी मिनी यूएसबी केबल लागते, जी आता कुणाच्याच घरात नसते. जुन्या कॅमेऱ्याच्या डब्यात सापडली तर फेकू नका, आमच्या ग्रुपला एक जादाची हवी आहे.