चार धुण्यांनंतरचे सिनेमे: माझं २०२५

मी टेरी टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो. नवा टॉवेल हाताला मऊ लागतो तो सॉफ्टनरमुळं. पाणी किती पितो, रंग किती सोडतो, धागे कुठं निघतात, हे चार धुण्यांनंतर कळतं. सिनेमालाही हेच लावून बघावं म्हणून जानेवारीत आमच्या सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेवरनं परतल्यावर एका लांब वहीत दोन रकाने आखले. पहिल्यात थेटरातनं बाहेर पडल्या पडल्या दिलेले मार्क. दुसऱ्यात डिसेंबरमध्ये, जुना आकडा हातानं झाकून दिलेले. वर्षभरात २६ सिनेमे झाले. घरी मोबाईलवर बघितलेले धरले नाहीत.

सगळ्यात मोठी घसरण ‘छावा’ची. हे सोलापुरात बसून लिहायला जरा धीर लागतो. फेब्रुवारीत लागला, त्या आठवड्यातल्या पहिल्याच रविवारी सगळं घर घेऊन गेलो. शेवटच्या अर्ध्या तासात मागच्या रांगेतनं हुंदके, बाहेर जिन्यावर घोषणा. मी दहापैकी नऊ दिले. डिसेंबरात सहा निघाले. विकी कौशलनं जीव ओतलाय, वाद नाही. पण आता आठवायला बसलो की लढाया एकमेकींत मिसळतात आणि ठसठशीत उरतो तो अक्षय खन्नाचा कमी बोलणारा औरंगजेब. ज्या येसूबाईंनी पुढं रायगडाचा वेढा झेलला, राजारामांना गडाबाहेर काढलं, त्यांच्या वाट्याला इथं बहुतेक वाट बघणंच आलं. खरं सांगायचं तर माझे नऊ मार्क संभाजीराजांना होते. त्या दिवशी राजे आणि सिनेमा मला वेगळे काढता आले नाहीत.

‘सिकंदर’ पाडव्याला बघितला. एसी चांगला होता. चार, मग दोन.

१ मेला दोन मराठी सिनेमे एकाच दिवशी आले. ‘गुलकंद’ला पोट धरून हसलो, आज त्यातला एक प्रसंग सांगा म्हटलं तर सांगता येणार नाही. ‘आता थांबायचं नाय!’ला मात्र सात दिले होते, आता नऊ देतो. मुंबई महापालिकेतले चतुर्थ श्रेणी कर्मचारी रात्रशाळेत बसून दहावी होतात, ही घडलेली गोष्ट. भरत जाधव आणि सिद्धार्थ जाधव या दोघांनी हसवायची सवय बाजूला ठेवून काम केलंय. मधेमधे उपदेशाचा डोस होतो, त्याचे दोन मार्क तेव्हा कापले होते. मग जुलैत आमच्या लूमवरचा एक जण, शाळा नववीतच सुटलेला, माझ्या टेबलाशी येऊन घुटमळायला लागला. “साहेब, ते बाहेरनं दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म कुठं भरत्यात?” म्हटलं, सिनेमा बघितलास का बे? तर म्हणे पोरीनं दाखवला. दाखला काढण्यापासून सगळं सोबत हिंडून केलं. आता जेवणाच्या सुट्टीत तो माझ्याकडं बीजगणित घेऊन येतो, आणि मला हिशेब येत असला तरी बीजगणित येत नाही हे मला या वयात कळलं.

‘जारण’ रात्रीच्या शोला बघितला. अमृता सुभाषचं काम असं की घरी आल्यावर बायकोनं स्वयंपाकघरातला दिवा रात्रभर चालू ठेवला. आठ, आणि आठच. याच सिनेमासाठी आधी एका थेटरात गेलो होतो, तिथं पाच तिकिटंही खपली नाहीत म्हणून शो रद्द. पैसे परत मिळाले, रिक्षाचे कोण देणार? मराठी सिनेमाला प्रेक्षक नाही म्हणायचं आणि शो लावायचा दुपारी बाराला, कारखाने चालू असताना.

‘वॉर २’चा किस्सा शहराच्या पूर्व भागातल्या माझ्या मित्राचा. घरी तेलुगू बोलतात, ज्युनिअर एनटीआर म्हणजे त्याचा जीव की प्राण. स्वातंत्र्यदिनाच्या शोची पाच तिकिटं त्यानं काढली, समोसेही त्याचेच. इंटरव्हलला गप्प बसला. निघताना म्हणाला, “आमच्या माणसाला नुसतं वापरून घेतलं की बे यांनी.” मी चार दिले होते. त्याच्या चेहऱ्याकडं बघून अर्धा वाढवलेला, तो डिसेंबरात काढून घेतला.

‘दशावतार’वर मी तेव्हा चिडलो होतो. कोकणातला थकलेला कलावंत, त्याची गरिबी, त्याचा लेक, खाणीचं संकट, एवढं मांडून उत्तरार्धात सूडकथाच का? सहा दिले. आता तो राग कुठं गेला माहीत नाही. उरलेत ते दिलीप प्रभावळकर. ८१ व्या वर्षी एवढं रंगवलेलं तोंड आणि त्यातनं दिसणारे ते डोळे. आठ.

‘साबर बोंडं’साठी मला इथं सोयीचा शो मिळाला नाही. सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला गेलो, संध्याकाळच्या हुतात्मानं परत. अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात मोठं पारितोषिक मिळवलेला सिनेमा, म्हटलं बघू तरी. बाप गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी आलेला मुलगा आणि त्याचा लहानपणचा मित्र, या दोघांतलं प्रेम. फार संथ. मला मधे डुलकीही लागली, सहा दिले. बायकोला गोष्ट सांगताना जरा चाचरलो, ती म्हणाली, “मग आईला कळतं का?” आईला ठाऊकच असतं, आणि ती त्यावर भाषण करत नाही. हे तिला सांगताना मलाच नीट समजलं. निवडुंगाची ती लाल बोंडं आम्ही लहानपणी माळावर खायचो, जीभ रंगायची, बारीक काटे दोन दिवस बोटांत सलायचे. नऊ.

‘होमबाउंड’ नऊ होता, नऊच राहिला. दोन मित्र, पोलीस भरती, मग लॉकडाऊनमधली ती घराकडची वाट. २०२० च्या उन्हाळ्यात हैदराबाद रोडवरनं डोक्यावर बोजे घेऊन चालत निघालेली माणसं आम्ही पाणी द्यायला जाऊन बघितली होती. बायको अर्ध्यातनं उठून बाहेर जाऊन बसली.

‘धुरंधर’ डिसेंबरातच आलेला, साडेतीन तासांचा. पहिला आकडा आठ. दुसरा रकाना मोकळा ठेवलाय, एकदाही धुतलेला नाही.