कंपनीचं नाव मोकळं आहे का? एमसीएची फुकट नेम सर्च वापरली, त्याचा रिव्ह्यू

गुगलवर कंपनी नेम चेक असं टाकलं की वर सगळ्या एजंट लोकांच्या जाहिराती येतात. त्यांच्या नादी लागायच्या आधी सरकारची स्वतःची सोय बघा. कॉर्पोरेट अफेअर्स मंत्रालयाच्या म्हणजे एमसीएच्या पोर्टलवर 'चेक कंपनी नेम' आहे आणि एक रुपया लागत नाही. माझ्याकडून पाचपैकी चार स्टार. एक स्टार अशासाठी कापला की ती एकटी पुरत नाही, जोडीला ट्रेडमार्कची (म्हणजे नोंदवलेल्या ब्रँडच्या नावांची) सर्च केलीच पाहिजे, नाहीतर अर्धीच माहिती हातात येते आणि माणूस त्या जोरावर पॅकेटं छापायला टाकतो.

आमच्या वहिनी साताऱ्यात मसाले आणि लोणची करतात, ऑर्डरी वाढल्यात म्हणून त्या आणि त्यांची मैत्रीण मिळून प्रायव्हेट लिमिटेड काढतायत, त्यासाठी हे सगळं बघितलं. नाव इथे लिहीत नाही कारण अर्ज अजून जायचाय. आधी वहिनींनी एका खाजगी साइटवर नाव टाकलं, तिथे मोबाइल नंबर दिल्याशिवाय रिझल्टच दिसत नव्हता, नंबर दिला आणि मग दिवसभर फोन, "मॅडम नाव अव्हेलेबल आहे, आजच पेमेंट करा". तेच नाव मी एमसीएवर टाकलं तर जवळजवळ तसंच नाव, धंदाही खाण्यापिण्याचाच, आणि कंपनी चालू. म्हणजे त्या अव्हेलेबलला काहीही आधार नव्हता, पैसे भरले असते तर नाव नक्की अडकलं असतं.

सर्च कशी करायची ते महत्त्वाचं आहे. पूर्ण नाव टाकू नका, फूड्स, मसाले, प्रायव्हेट लिमिटेड हे सगळं काढा आणि नावातला मुख्य शब्द तेवढा टाका, मग त्याचीच वेगवेगळी इंग्रजी स्पेलिंगं टाकून बघा. मराठी नावांचा सगळा घोळ इथेच होतो, श्री कोणी दोन ई लावून लिहितं कोणी एक आय लावून, पूजा, दीप, झ ने सुरू होणारं काहीही, प्रत्येकाचं स्पेलिंग निराळं. तुम्हाला वाटतं आपलं स्पेलिंग वेगळं आहे म्हणजे नाव वेगळं आहे, पण नियम तसं मानत नाही. कंपनीज इन्कॉर्पोरेशन रूल्स 2014 मधला नियम 8 (2019 साली बदलला तो) जरूर वाचा, उदाहरणं देऊन लिहिलाय त्यामुळे वकील नसलेल्या माणसालाही कळतो. अनेकवचन केलं, मध्ये स्पेस किंवा डॅश टाकला, पुढे द लावलं, मागे डॉट कॉम लावलं, आकडा घातला, शब्द उलटसुलट केले, तरी नाव तेच धरतात. बिल्डर्स अँड कॉन्ट्रॅक्टर्स आणि कॉन्ट्रॅक्टर्स अँड बिल्डर्स एकच. आणि भाषांतर करूनही सुटका नाही, नॅशनल इलेक्ट्रिसिटी कॉर्पोरेशन असेल तर राष्ट्रीय विद्युत निगम मिळत नाही, हे त्यांचंच उदाहरण आहे. नॅशनल, कमिशन, बोर्ड असले शब्द तर केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय लावताच येत नाहीत, बँक किंवा इन्शुरन्स लावायचं तर त्या त्या नियामकाची मंजुरी लागते.

बंद पडलेल्या कंपन्याही लिस्टमध्ये येतात, स्ट्राइक ऑफ असं स्टेटस दिसतं, आणि लोक म्हणतात चला ही मेली, नाव मोकळं झालं. तसं नाही. कंपनी कायद्याच्या कलम 248 खाली नाव काढून टाकलेल्या कंपनीचं तेच नाव राजपत्रात आल्यापासून 20 वर्षं दुसऱ्याला मिळत नाही. त्यामुळे स्टेटस बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता कापलेल्या स्टारचं. कंपनी म्हणून नोंद नसलेला माणूसही ट्रेडमार्कचा मालक असू शकतो, एखादं साधं एकाच मालकाचं (प्रोप्रायटरी) दुकान असतं, आणि त्याच रूल्समधल्या नियम 8ए प्रमाणे नोंदलेला ट्रेडमार्कच नाही तर नुसता अर्ज पेंडिंग असला तरी मालकाच्या संमतीशिवाय तसं नाव मिळत नाही. म्हणून आयपी इंडियाच्या (ट्रेडमार्क नोंदणाऱ्या सरकारी खात्याच्या) साइटवर पब्लिक सर्च करा, तीही फुकट आहे. तिथे क्लास म्हणजे मालाचा किंवा सेवेचा गट टाकावा लागतो, एकूण 45 आहेत. मसाले 30 मध्ये, लोणची 29 मध्ये, म्हणजे वहिनींसारख्यांनी दोन्ही बघायचे. वर्डमार्कमध्ये (शब्दावरून शोधायचं ते) 'कंटेन्स' निवडा आणि फोनेटिकवालीही, म्हणजे उच्चारावरून शोधणारी, करा, फोनेटिकने मला दोन नावं अशी दाखवली जी स्पेलिंगने कधीच सापडली नसती. ही साइट दिसायला जुनाट आहे आणि कॅपचा डोकं खातो, पण माहिती खरी मिळते.

आणि समजा ट्रेडमार्क असलेलं नाव चुकून मंजूर झालंच, तरी निवांत बसता येत नाही. ट्रेडमार्कवाला कंपनी नोंदल्यापासून 3 वर्षांत कंपनी कायद्याच्या कलम 16 खाली रीजनल डायरेक्टरकडे (एमसीएच्या विभागीय अधिकाऱ्याकडे) जाऊ शकतो. आदेश आला आणि 3 महिन्यांत नाव बदललं नाही तर कंपनीचं नावच सरकार बदलून टाकतं, ओआरडीएनसी (म्हणजे रीजनल डायरेक्टरचा आदेश पाळला नाही) अशी अक्षरं, पुढे साल, अनुक्रमांक आणि कंपनीचा सीआयएन म्हणजे नोंदणी क्रमांक. लेटरहेडवर, बिलावर, बँकेत सगळीकडे तेच. मसाल्याच्या पाकिटावर असलं नाव आलं तर कोण घेणार?

सर्च झाली की स्पाइस प्लसचा (एमसीएचा कंपनी नोंदणीचा ऑनलाइन फॉर्म) पार्ट ए भरायचा, तो नावासाठी, फी 1,000 रुपये, दोन नावं देता येतात आणि त्रुटी निघाली तर एकदाच रीसबमिट करता येतं. नाकारलं तर पुन्हा नवा अर्ज, पुन्हा फी. म्हणूनच म्हणतो दोन्ही नावं तावून सुलाखून द्या, दुसरं उगाच भरायचं म्हणून भरू नका. मंजूर झालेलं नाव 20 दिवस राखून ठेवतात, आणखी 20 हवे तर 1,000 भरून मिळतात, पण भागीदारांचे पॅन, पत्त्याचे पुरावे, डिजिटल सही, ऑफिसच्या जागेचं लाइट बिल आणि मालकाची एनओसी आधीच गोळा करून ठेवली तर ते हजारही वाचतात.

कंपनीचं नाव मंजूर झालं म्हणजे ट्रेडमार्क मिळाला असं मात्र नाही, त्याचा अर्ज वेगळा, ऑनलाइन केला तर व्यक्ती, स्टार्टअप आणि छोट्या उद्योगांना एका क्लासला 4,500 रुपये. वहिनींचे 29 आणि 30 दोन्हीचे अर्ज नाव हातात आलं की त्याच आठवड्यात टाकणार आहोत.