मॅगझिन नंबर २ ची कटकट: .३२ पिस्तूल, आठ महिन्यांनंतर

जिनिंगच्या (कापसातून सरकी वेगळी करण्याच्या) हंगामात रोकड घेऊन चोपडा-जळगाव रात्री-बेरात्री ये-जा असते, म्हणून लायसन्स काढलं. पिस्तूल घेऊन आठ महिने झाले (निवडणुकीत ठाण्यात जमा होतं ते दिवस सोडून). रेंजवर सव्वाशेच्या आसपास गोळ्या झाडल्या असतील.

पहिल्या दोन महिन्यांत चारदा अडलं. स्लाइड (पिस्तुलाचा मागेपुढे सरकणारा वरचा भाग) अर्ध्यात थांबलेली, काडतुसाचं नाक खाली झुकलेलं. मॅगझिन (काडतुसं भरायची डबी) काढून वरचं काडतूस अंगठ्यानं पुढे रेटलं तरी हलेना. दुकानदार म्हणे, नवीन आहे, होईल मोकळं.

क्लबातल्या आबांनी वेगळंच सांगितलं. "भो, पिस्तूल राहू दे, आधी मॅगझिनवर आकडे टाक." बायकोच्या नेलपॉलिशनं १ आणि २ लिहिलं. पुढे दोन्हींत अडलं, तेव्हा आबा हसले. चूक माझ्या भरण्यात होती.

माझ्या पिस्तुलात बसतं ते .३२ एसीपी, म्हणजे बंदुका घडवणाऱ्या ब्राऊनिंगचं १८९९ चं काडतूस. त्याच्या बुडाची कड पुंगळीपेक्षा (काडतुसाच्या धातूच्या नळीपेक्षा) किंचित रुंद: पुंगळी साडेआठ मिलिमीटरच्या जवळ, कड नऊच्या थोडी वर. दिसायला काहीच नाही, पण वरच्याची कड खालच्याच्या कडेमागे गेली की संपलं. स्लाइड वरच्याला ढकलते, ते खालच्याला ढकलतं आणि दोघं जागेवर. वरच्याची कड नेहमी खालच्याच्या पुढे हवी. काडतूस आखूड असेल तर मॅगझिनमध्ये पुढे जागा उरते, ते आत सरकतं आणि घोळ वाढतो. आता प्रत्येक काडतूस बसवलं की कड बघतो. लांबीही एकसारखीच घेतो.

१ नंबर तेव्हापासून एकदाही अडलं नाही. २ मात्र शेवटच्या गोळीला रुसतं. शेवटी स्प्रिंग सगळ्यात सैल झालेली असते, तिच्यात जोर कमी. वाटेत जरा घासलं तरी काडतूस वेळेत वर येत नाही, स्लाइड आधीच पुढे निघते. मॅगझिनची तळपट्टी सरकवून आत पाहिलं तर तेलात माखलेला कापसाचा तूस! गिरणीत हिंडणाऱ्याच्या कमरेला दुसरं काय निघणार? तेल मीच भरभरून घातलेलं. आता आतून कोरडं पुसतो, तेल नाही म्हणजे नाही.

फरक पडला, पूर्ण नाही. दोन्ही मॅगझिनच्या स्प्रिंगा शेजारी ठेवल्या तर २ ची दोन वेढे आखूड दिसते. नवी मागवलीय. तोवर २ नंबर फक्त रेंजवर, कमरेला १.