ओवी आणि अभंग : दोन शब्द, दोन स्वभाव

ओवी हा शब्द ‘ओवणे’ या क्रियापदावरून आला असे बहुतेक जण मानतात. (ओव्याशी त्याचा काही संबंध नाही!) गजऱ्यात कळीपुढे कळी ओवावी तशी अक्षरे ओवायची, शेवटी आखूड चरणाची गाठ मारायची. शब्द जुना आहे : बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, असा उल्लेख आहे. म्हणजे ग्रंथात जाण्याआधी ती उखळा-जात्यापाशी होती. तिथे अक्षरे मोजायला कोण बसले होते? जात्याचा फेरा लांबला की ओळही लांबायची.

अभंग मात्र मोजूनमापून येतो. ‘मोठा अभंग’ या प्रकारात चार चरणांत सहा-सहा-सहा-चार अक्षरे, दुसऱ्या-तिसऱ्या चरणात यमक. शब्दाचा अर्थ सरळच : अ-भंग, न भंगणारे. ‘अभंग निष्ठा’ म्हणताना आजही तोच अर्थ असतो. नुसता ‘अभंग’ म्हटले की मात्र टाळ आणि विठोबाच डोळ्यांपुढे येतात. ओवीचे तसे नाही. तिच्यात विठोबाही येतो, माहेर येते, सासूचा उद्धारही होतो.

रचनेकडे पाहिले तर मोठा अभंग ओवीचीच लेक वाटतो. नावापुरते विचाराल, तर मला ओवीच जवळची; तिच्यात करणाऱ्या हाताची हालचाल आहे.