शिल्लक ३०४ जीबी, आणि साइट बंद

ग्रहणाच्या रात्री चंद्र निम्मा झाकला गेला होता, तेव्हा आमच्या गटातल्या एका मुलीनं फोन माझ्यापुढे धरला. "ताई, आपली साइट उघडत नाहीये." पांढऱ्या पानावर एवढंच होतं : ५०९, बँडविड्थ लिमिट एक्सीडेड, म्हणजे साइटचा महिन्याचा डेटा कोटा संपला. मी तिथंच अंधारात उभ्या उभ्या होस्टिंगचं, म्हणजे साइट ज्यांच्या सर्व्हरवर ठेवली आहे त्या कंपनीचं, पॅनेल उघडलं. वर हिरव्या अक्षरांत तीच ओळ होती, जी मी महिनोन्‌महिने समाधानानं पाहत आले होते : 'आतापर्यंत साठलेली बँडविड्थ – ३०४ जीबी'.

साठा ३०४ जीबीचा, आणि कोटा संपला म्हणून साइट बंद. हे कसं झालं ते नीट लिहून ठेवते, कारण 'उरलेली बँडविड्थ पुढच्या महिन्यात वापरा' हे वाचून माझ्यासारखेच आणखी कोणी भुलतील.

आमचा आकाशनिरीक्षणाचा हौशी गट आहे. साइटवर तारकानकाशे आणि फोटो असतात. एरवी महिन्याला १२ जीबीच्या आसपास वापर. पण ग्रहण किंवा धूमकेतू आला की दोन दिवसांत झुंबड उडते. होस्टिंग घेताना समोर दोन प्लॅन होते, भाडं सारखंच. एकात सरळ १०० जीबी, न वापरलेलं वाया. दुसऱ्यात ५० जीबी, पण रोलओव्हरसकट, म्हणजे उरलेलं पुढे वापरता येईल असं. दुसरा घ्यावा असा आग्रह मीच धरला. महिन्याला ३८ जीबी वाचतील, आठ महिन्यांत तीनशेच्या वर जातील, ग्रहणाला तेच कामी येतील, असं गणित मी सगळ्यांना मांडून दाखवलं आणि सगळ्यांनी माझ्यावर भरवसा ठेवला. म्हणूनच ही गोष्ट जास्त लागली.

त्या रात्री कंपनीच्या सपोर्टकडे तक्रारीचं तिकीट टाकलं. उत्तर आलं तोवर ग्रहण सुटलं होतं. उत्तरात अटींच्या पानाचा दुवा होता. उरलेला कोटा फक्त लगतच्या एका महिन्यापुरता चालतो. आधी चालू महिन्याचा कोटा संपतो, मग मागचा. आणि मागचा आपोआप मिळत नाही, ग्राहकानं मागितल्यावर जमा होतो. पॅनेलवरचा आकडा 'केवळ माहितीसाठी' आहे.

म्हणजे आमच्या हातात कधीच ३८ जीबीपेक्षा जास्त शिल्लक नव्हती. दर महिन्याला नवे ३८ यायचे आणि जुने ३८ गुपचूप बाद व्हायचे. पॅनेल मात्र बाद झालेले वजा न करता नुसती बेरीज करत राहिलं. याला मी फसवणूकच म्हणते. अट लिहिलेली होती, ती मी वाचायला हवी होती, हे खरं. पण बाद झालेला कोटा 'साठलेली बँडविड्थ' म्हणून रोज डोळ्यांसमोर ठेवणं ही काही वाचकाची चूक नाही.

सकाळी ते ३८ जीबी जमा झाले. आमच्या मुख्य नकाशाची पीडीएफ ६ एमबीची. त्या हिशेबानं सहा हजार तीनशेच्या आसपास डाउनलोड. फोटो बघायला लोक आले तशी साइट पुन्हा अडखळली, या वेळी ५०८ दाखवून. ही मर्यादा वेगळीच : सर्व्हरवर एका वेळी आपली किती कामं (प्रोसेस) चालू शकतात, त्याच्या प्रोसेसरचा (सीपीयू) किती वाटा मिळतो याची. कोटा कितीही शिल्लक असो, गर्दी एकदम आली की ही आड येते, आणि ती काही पुढच्या महिन्यात साठवून नेता येत नाही. दुसऱ्या दिवशी ३८ जीबीही संपले. उरलेला महिना आम्ही जादा दरानं जीबी विकत घेत काढला. ती रक्कम चार महिन्यांच्या भाड्याएवढी झाली.

नंतर शांतपणे कागदावर मांडलं. मुदत एका महिन्याची असेल, तर रोलओव्हरच्या प्लॅनमध्ये एका महिन्यात जास्तीत जास्त दुप्पट कोटा मिळू शकतो, तोही आदल्या महिन्यात एक बाइटसुद्धा वापरला नसेल तर. आमचे ५० आणि ३८ मिळून ८८. शेजारचा साधा प्लॅन १०० चा होता. फरक १२ जीबीचाच आहे, पण ते १०० त्या रात्री कोणाला न विचारता मिळाले असते. शिवाय गर्दीच्या महिन्यानंतर रोलओव्हर शून्यावर येतो. ग्रहणाचे फोटो बघणारे लोक पुढच्या महिन्यातही येत होते आणि आमच्याकडे मागची शिल्लक काहीच नव्हती.

आधी काय खर्ची पडतं हा क्रमही क्षुल्लक नाही. जुनी शिल्लक आधी वापरली असती, तर आमचे १२ जीबी तिच्यातून गेले असते आणि नवे ५० अख्खे पुढे सरकले असते. मग एकूण १०० झाले असते. क्रम उलटा ठेवला की ८८. जाहिरात दोन्हीकडे तीच.

मुळात 'साठवलेली बँडविड्थ' हा शब्दच दिशाभूल करतो. बँडविड्थ म्हणजे वेग, दर सेकंदाला किती डेटा जाऊ शकतो तो. प्लॅनमध्ये मोजतात तो महिन्याभरातला एकूण ट्रान्सफर. सेकंदाला १ मेगाबिटची लाइन ३० दिवस अखंड भरून वाहिली तर सुमारे ३२४ जीबी जातात. पण रात्री लाइन रिकामी राहिली, तर ते सेकंद गेले ते गेले, कंपनीही ते कुठं भरून ठेवू शकत नाही. पुढे नेला जातो तो काउंटरवरचा आकडा. बहुतेक साइट आपला कोटा पुरा वापरतच नाहीत, हे विकणाऱ्याला पक्कं माहीत असतं. त्यामुळे हा आकडा देताना त्याच्या पदरचं फारसं जात नाही.

अचानक येणाऱ्या गर्दीपासून खरं संरक्षण देणारी पद्धत अस्तित्वात आहे. मोठे ग्राहक अनेकदा ९५ व्या पर्सेंटाइलवर पैसे भरतात : दर पाच मिनिटांनी वेगाची नोंद होते, ३० दिवसांत ८,६४० नोंदी, त्यांतल्या सर्वांत वरच्या ५ टक्के, म्हणजे ४३२ नोंदी, सोडून दिल्या जातात आणि उरलेल्यांतल्या सर्वांत वरच्या नोंदीवर बिल येतं. सोडलेल्या नोंदींचे ३६ तास होतात. आमची ग्रहणाची रात्र त्यात सहज मावली असती. आमच्यासारख्या लहान साइटला असं बिलिंग सहसा मिळत नाही, तरी तुलनेसाठी ते माहीत असावं.

रोलओव्हर सरसकट वाईट, असं मी म्हणत नाही. शिल्लक वर्षभर टिकत असेल, जुनी आधी खर्ची पडत असेल आणि कोटा संपताच आपोआप लागू होत असेल, तर आमच्यासारख्यांना तो खरंच उपयोगी पडेल. या तिन्ही गोष्टी पैसे भरण्याआधी ईमेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा. प्लॅन बदलला तर शिल्लक राहते की शून्य होते, तेही विचारा. एफटीपी (सर्व्हरवर फायली चढवणं-उतरवणं), मेल आणि स्वतः उतरवलेले बॅकअप कोट्यात धरतात का, हेही. आमचे धरत होते. दर आठवड्याला मी अख्ख्या साइटचा बॅकअप उतरवायचे आणि तोही वापरात मोजला जायचा. साइटच्या वापराचे आकडे दाखवणाऱ्या ऑस्टॅट्समध्ये तो दिसला नाही, कारण आमच्याकडे तिथं फक्त वेब सर्व्हरचे लॉग, म्हणजे नोंदी, वाचले जात होते.

आता आम्ही साध्या प्लॅनवर आहोत. फोटो वेबपी या कमी जागा घेणाऱ्या प्रकारात बदलले, नकाशे सीडीएनवर, म्हणजे ठिकठिकाणच्या सर्व्हरच्या जाळ्यावर, ठेवले, दुसऱ्या साइट आमचे फोटो थेट आमच्या सर्व्हरवरून दाखवत होत्या ते हॉटलिंकिंग बंद केलं. पुढच्या ग्रहणाआधी एवढी तयारी पुरेल असं वाटतं.

जुनं खातं बंद करायच्या दिवशी शेवटचं लॉगइन केलं. जमा झालेले ३८ जीबीही तोवर वापरून झाले होते. हिरव्या अक्षरांतला आकडा अजून ३०४ च होता.