मिनरल किट सात महिने वापरलं, आणि त्यातली ती पांढरी प्लेट

परवा खनिजं ओळखायच्या किटमधली स्ट्रीक प्लेट (खडा घासून पुडीच्या रेघेचा रंग बघायची, ग्लेज नसलेली चिनीमातीची प्लेट) हातातून पडली न दोन तुकडे झाले, म्हणून लिहायला बसलो. किट मी १४४९ रुपयांना घेतलेलं. आत बाकीही सामान येतं, पण मी फक्त प्लेटवर बोलणार.

पहिले तीन महिने माझं ठाम मत होतं की खान्देशात ही प्लेट म्हणजे पैसे पाण्यात. आपल्याकडे विहिरीला सुरुंग लावला की काळ्या दगडाच्या पोकळ्यांतून निघतं काय, तर स्टिलबाइट, अपोफिलाइट, कॅल्साइट, नाहीतर गारगोटी. लाव्हा थंड होताना जे बुडबुडे राहिले त्यात मागाहून गरम पाण्याने आणून बसवलेला माल हा. हेमाटाइट (लोखंडाचं खनिज) घासलं तर कशी तांबडी रेघ उठते, इथे सगळं पांढरंच, आणि प्लेटही पांढरी! घ्या ओळखून.

मग दिवाळीत रावेरला मामांच्या विहिरीतून बोटाएवढे पारदर्शक खडे निघाले. मामा म्हणे, "हाई काय शे रे भो, स्फटिक?" स्फटिक म्हणजे पारदर्शक गारगोटीच. मी हो म्हणणारच होतो, सहज प्लेटवर घासला तर पांढरी पूड राहिली न प्लेट जशीच्या तशी. गारगोटी असती तर उलट प्लेटलाच चरा गेला असता, तिचा हार्डनेस (ओरखड्याला किती टिकतं त्याचा १ ते १० मधला आकडा) ७, प्लेटचा त्याहून जरा कमीच. म्हणजे रेघेचा रंग सोडा, रेघ कोणाची उठते तेच बघायचं, एवढं कळायला मला चार महिने लागले. मामींचा चाकू ओढला, खड्यावर ओरखडा (चाकू साडेपाचच्या आसपास, मामी अजून चिडलेल्या आहेत). पुडीवर लिंबू पिळलं, कॅल्साइट आंबटात फसफसतं, पण इथे बुडबुडा नाही, म्हणजे ते कटाप. खडा चौकोनी, वरचा सपाट भाग मोत्यासारखा चमकतो. अपोफिलाइट! स्फटिक नाही म्हटल्यावर मामांचं तोंड उतरलं, मग सांगितलं की जळगावचा हा माल परदेशी शौकीन पैसे मोजून घेतात, तेव्हा खडा टीव्हीच्या शोकेसमध्ये गेला.

तर आता प्लेट फुटली. फुकट मागत नव्हतो, सुटी प्लेट विकत द्या म्हटलं. तर सेलर म्हणे अनबॉक्सिंगचा व्हिडिओ पाठवा. सात महिन्यांनी! तीनदा फोन केला, शेवटी म्हणे पूर्ण किट पुन्हा विकत घ्या. एका चिनीमातीच्या तुकड्यासाठी १४४९?

मामांच्या मोटरच्या बोर्डातलं फुटकं किटकॅट (फ्यूजचं चिनीमातीचं खोकं) उचलून आणलं. तुटलेल्या बाजूला ग्लेज नसते, झकास चालतं. एक स्टार कापलाय, खरं तर दोन कापायचे होते, पण किटमधलं चुंबक चांगलं आहे.